कलम पंचवीस आणि रातांब्याचं कलम

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातलं, खाडीच्या आतल्या अंगाला वसलेलं चार वाड्यांचं गाव. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाहीत, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मुद्दाम फिरवले आहेत. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. घरची थोडी आंब्याची कलमं आहेत, त्यामुळे सुरी-पट्टीचं काम लहानपणापासून पाहिलेलं. या प्रकरणात मला बोलावलं ते वकील म्हणून. माझ्या वकिलीने आधी बिघडवलं, ते पुढे सांगतोच.

गावात बारा बायकांचा बचत गट आहे. उन्हाळ्यात आमसुलं, आगळ, कोकम सरबत. पाऊस लागला की हात रिकामे. त्यांनी ठरवलं की रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या झाडाची, कलमं बांधून विकायची. रातांब्याचं असं असतं की बी रुजवून रोपं केली तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळतं झाड पहिल्यांदा फुलल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. नराला फूल येतं, फळ धरत नाही. तोवरची राखण, शेणखत, उन्हाळ्यातलं पाणी सगळं पाण्यात. म्हणून फळ देणाऱ्या मादी झाडाची काडी रोपावर बांधायची, की निदान झाड बाईमाणूस आहे याची खात्री. दापोलीचं कृषी विद्यापीठ यासाठी मृदकाष्ठ कलम सुचवतं.

शिकवायला शेजारच्या गावातली एक बाई येत असे. पन्नाशीची, नवऱ्याच्या मागे नर्सरी एकटीने चालवलेली. पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप वरून छाटायचं, मधोमध दोन बोटं खोल चीर द्यायची, काडीला खालून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तास द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गच्च गुंडाळायची. काडीची साल रोपाच्या सालीला एका बाजूने तरी जुळलीच पाहिजे. रातांब्याचा पिवळा चीक सुरीला लागतो आणि सुरी चिकटते. ही बाई दर चार कलमांनंतर सुरी पदराला नाही, खांद्यावरच्या ओल्या फडक्याला पुसायची. गटातल्या बायका तिला मावशी म्हणत. ती ख्रिस्ती. हे वाक्य मुद्दाम लिहायची गरज पडायला नको होती, पण प्रकरण त्याच्याभोवतीच फिरलं.

काड्या आणल्या देवरहाटीतल्या. कोकणाबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की देवरहाटी म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेलं रान. आमच्याकडच्या रायांमध्ये सातवीण, किंदळ, काजरा, माणसाच्या मांडीएवढे जाड गारंबीचे वेल असतात, आणि वाळकं लाकूडसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उचलायचं नाही अशी रीत असते. या गावच्या रायीच्या कडेला एक जुना रातांबा आहे. त्याच्या फळाची साल जाड, त्यामुळे आमसूल भरदार पडतं. गावातल्या प्रत्येक बाईला ते झाड माहीत.

अडचण

गटाने एका योजनेतून थोडे पैसे मिळवले होते. अर्जात कोणीतरी इंग्रजीत ‘प्लांट प्रोपगेशन सेंटर’ असं नाव घातलेलं. पैसे आले, तसा बोर्ड लावणं भाग होतं. तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सवाल्या मुलाने मोबाइलमध्ये शब्द टाकून मराठी करून घेतलं. वरच्या ओळीत बारीक हिरव्या अक्षरांत ‘वनस्पती’, खाली हातभर मोठ्या लाल अक्षरांत ‘प्रसार केंद्र’. शाळेमागच्या वापरात नसलेल्या खोलीच्या पडवीला तो बांधला. पडवी बुटकी, म्हणून वरचा पट्टा दुमडून खिळ्याला अडकवला. ‘वनस्पती’ दुमडीत गेली.

तीन-चार दिवसांनी गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरला. ‘प्रसार केंद्र’, त्याखाली उभी मावशी, गळ्यात क्रॉसची साखळी, समोर गोल करून बसलेल्या गावच्या बायका. खाली एक ओळ: गावात काय चालू आहे पाहा, शाळेच्या खोलीत धर्मप्रसार. फोटो काढला होता गटातल्याच एका बाईच्या भाच्याने, नुसता कौतुकाने. ओळ कोणी जोडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तोपर्यंत गावात कोणाला काही खटकलं नव्हतं. बातमी मुंबईहून गावात आली, आणि येताना फुगून आली. चाकरमान्यांचे रात्री नऊनंतर फोन सुरू झाले. जत्रा पंधरा दिवसांवर. त्या वेळी निम्मी मुंबई गावात उतरते.

त्याच आठवड्यात देवरहाटीच्या रातांब्याची मनगटाएवढी फांदी तोडलेली कोणाच्या तरी नजरेस पडली. तोडल्या जागी पिवळा चीक ओघळून राळेसारखा वाळलेला. झालं असं होतं. रातांब्याच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम आडवंच पसरतं, जमिनीलगत लोळतं. सरळ उंच झाड हवं तर शेंड्याची उभी काडी लागते, आणि तशा काड्या झाडावर मोजक्याच. गटाने एका पोराला झाडावर चढवलं. त्याला काड्या हाताला येईनात, म्हणून त्याने कोयत्याने फांदीच खाली घेतली.

बोर्ड आणि फांदी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण दोन दिवसांत त्यांची एक गोष्ट झाली. राईचा पर्वत म्हणतात तो, इथे तर अक्षरशः रायीचा. सरपंचबाईंनी मला फोन केला: ग्रामसभा लावली आहे, कायद्याचं काय ते सांगायला या.

शब्दाची कुळी

जाण्याआधी मी नीट तयारी केली. ती तयारी इथे मांडतो, कारण तिच्यात चूक काहीच नव्हतं.

संविधानाच्या कलम 25 मध्ये प्रत्येक व्यक्तीला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. इंग्रजी मजकुरात इथे ‘प्रोपगेट’ आहे. हा शब्द ठेवावा की काढावा यावर संविधान सभेत 6 डिसेंबर 1948 रोजी चांगलीच चर्चा झाली. लोकनाथ मिश्रांना तो नको होता. टी. टी. कृष्णमाचारी म्हणाले की आपण चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, कोणी आपल्याला बाटवायचा प्रयत्न केला नाही. क. मा. मुन्शींचं म्हणणं, हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्यात ते आलंच असतं. शब्द राहिला.

पुढे 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लाउस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रसार करणं म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं उलगडून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालावर घटनातज्ज्ञ सीरवाईंनी कडक टीका केली आहे आणि मला ती बऱ्याच अंशी पटते: समोरचा पटवून घ्यायला मोकळा आहे, पण त्याला पटवायचा हक्क मात्र अर्धाच, हे कसं? असो. मला त्या निकालात मजा वाटते ती वेगळ्याच जागी. न्यायालयाने अर्थ शोधायला शब्दकोश उघडले. त्यातल्या एका कोशात ‘प्रोपगेट’ म्हणजे माणसाकडून माणसाकडे, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पसरवणे, आणि उदाहरणं दोन: वार्ता पसरवणे, ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणे. म्हणजे आमच्या गावात जे झालं, त्यातल्या दोन्ही गोष्टी त्या एका नोंदीत शेजारी-शेजारी बसलेल्या.

आणि शब्दाचं मूळ तर निव्वळ बागायती. लॅटिनमध्ये द्राक्षवेलाची फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं फुटली की तोडून वेगळी लावायची, त्या कामाचा हा शब्द. आपण ज्याला दाब कलम म्हणतो तेच. 1622 मध्ये पोप पंधराव्या ग्रेगरीने धर्मप्रसारासाठी रोममध्ये एक मंडळ स्थापन केलं, त्याच्या नावात हा शब्द गेला, आणि ‘प्रोपगंडा’ तिथून निघाला. माळ्याचा शब्द पाद्र्याने उचलला, पाद्र्याचा वकिलाने.

मराठीत मात्र या कामांना वेगवेगळे शब्द आहेत. धर्माचा प्रसार, मताचा प्रचार, अफवा पसरते, आणि झाडाची कृषीच्या पुस्तकात ‘अभिवृद्धी’ होते. हा शब्द परीक्षेबाहेर मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बोलताना आपण म्हणतो कलम बांधणं. आणि या ‘कलम’ने मराठीत तोच खेळ उलट्या बाजूने केलाय: लेखणी ती कलम, कायद्याचं ते कलम, आंब्याचं तेही कलम. इंग्रजांच्या एका शब्दात बाग आणि धर्म अडकले, आपल्या एका शब्दात बाग आणि कायदा. फ्लेक्सवाल्या पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

ग्रामसभेत मी हे सगळं, लॅटिन वगळून, वीस मिनिटं बोललो. सभेला शंभरएक माणसं, मागे भिंतीला टेकून मुंबईहून आधीच आलेले चार-पाच तरुण. मी म्हणालो की पहिली गोष्ट, इथे धर्मप्रसार झालेलाच नाही. दुसरी गोष्ट, समजा कोणी आपल्या धर्माबद्दल बोललं असतं, तरी कलम 25 खाली प्रसाराचा हक्क सर्वांना आहे.

पहिलं वाक्य कोणी ऐकलं नाही. दुसऱ्यावर मागून आवाज आला, “म्हणजे वकीलसायबच सांगतत, तेंका हक्क आसा!” झालं. जे घडलंच नव्हतं, ते घडलं असून कायद्याने चालतं, असं मी सांगतोय, हा अर्थ सभेतून बाहेर पडला. रात्री ग्रुपवर ‘वकिलाने मान्य केलं’ अशी ओळ फिरली.

कोर्टात आपण असं नेहमी करतो: आरोप अमान्य, आणि पर्यायाने, मान्य धरला तरी गुन्हा होत नाही. न्यायाधीशाला ‘पर्यायाने’ कळतं. देवळाच्या सभामंडपात ते कबुलीसारखं ऐकू येतं. वीस वर्षं वकिली करून हे मला त्या दिवशी कळलं.

मावशी सभेला आलीच नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. तिच्याबद्दल शंभर माणसं बोलली आणि ती शेजारच्या गावात रोपांना पाणी घालत होती.

कोणते पर्याय होते

दुसऱ्या दिवशी सरपंचबाईंच्या ओट्यावर आम्ही पाच-सहा जण बसलो. गटाच्या अध्यक्षबाई, सरपंचबाई, दोन मानकरी, मी.

एक पर्याय पोलिसांत जाण्याचा. दोन धर्मांत तेढ वाढवणारा मजकूर, भारतीय न्याय संहितेचं कलम 196. अफवेने लोकांत घबराट किंवा वैर पसरवणं, कलम 353. कागदावर तक्रार उभी राहिली असती. पण फोटो काढणारा गटातल्याच बाईचा भाचा; पहिली नोटीस त्याच्याच दारात जाणार. आणि ओळ जोडणारा सापडेल तेव्हा सापडेल. उलट बाजूने मुंबईकरही मावशीविरुद्ध तक्रारीची भाषा करत होते. तिच्याविरुद्ध कुठल्या कलमाखाली, हे मी विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं, पण जत्रेच्या तोंडावर गावात पोलिसांची गाडी उभी राहिली असती आणि त्यांना तेवढंच पुरेसं होतं.

दुसरा पर्याय सगळ्यांना सोपा वाटत होता: मावशीला ‘सध्या’ येऊ नका म्हणून सांगायचं आणि दुसरा शिकवणारा आणायचा. एक मानकरी म्हणाले, तिचंही नाव खराब व्हायला नको. असं काळजीच्या आवाजात बोललं की नाही म्हणणं जड जातं, आणि खरं सांगायचं तर मीही मान हलवत होतो. अध्यक्षबाईंनी अडवलं. त्या म्हणाल्या, “आज तिका नको म्हटल्यास, तर गावात काय तरी होता आणि आमी ता बंद केला, असाच होतला मा?” त्यांचा मुद्दा वकिली भाषेत सांगायचा तर तो पुराव्याचा होता. मावशीला काढणं हाच आरोपाचा पुरावा ठरला असता.

बोर्ड उतरवायचा यावर एकमत होतं. तो उतरवला. त्याने काही फरक पडला नाही, कारण फोटोतला बोर्ड कोण उतरवणार?

तिसरा पर्याय कोणी मांडला नव्हता. तो मिळाला गावकरांकडून. गावकर, म्हणजे गावऱ्हाटीतले, गावाच्या देवाधर्माच्या जुन्या व्यवस्थेतले, पहिले मानकरी, सत्तरी ओलांडलेले, सभेत एक शब्द बोलले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर माळ्यावरची जत्रेची भांडी खाली काढून मोजत बसले होते. मी पुन्हा बोर्डाचं पुराण सुरू केलं. त्यांनी हात वर केला. “बोर्डाचा काय घेवन बसलास? माका वाचूकच येणा नाय. माका सांग, रायेतली फांदी तोडली, ता माका कोणी इचारूक आयला?”

कोणी विचारलं नव्हतं. देवाला नाही, गावकरांना नाही, गुरवाला नाही. गटातल्या बायकांना वाटलं, चार काड्या तर घ्यायच्या. गावकरांना मावशीचं काही वाटत नव्हतं. त्यांच्या बागेतली अर्धी हापूसची कलमं मावशीच्या नवऱ्याने बांधलेली. “हापूस तरी खंयसून इलो?” ते म्हणाले. हापूस हे नावच अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीजावरून पडलं आणि आंब्यावर कलम बांधायची रीत गोव्यात पाद्र्यांनी रुजवली असं मानतात. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, फक्त त्यांनी ते भाषणात वापरलं नसतं. सभेत ते गप्प बसले, म्हणून ज्यांचं दुखणं वेगळं होतं त्यांचा आवाज गावाचा आवाज वाटला.

काय केलं

तीन गोष्टी केल्या, आणि त्या याच क्रमाने केल्या याला महत्त्व आहे.

आधी गटाच्या बायका नारळ घेऊन देवळात गेल्या आणि फांदीबद्दल चूक कबूल केली. गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. पोरींनी अजाणतेपणी केलं ते पदरात घे, अशा अर्थाचं. आणि सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. यात कुठेही बोर्ड नव्हता, मावशी नव्हती. फांदीचा विषय फांदीपुरता मिटला.

मग कौल, म्हणजे देवाला प्रश्न विचारून पाकळीवरून उत्तर घेणं. इथे प्रश्न काय विचारायचा यावर दोन दिवस गेले आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू हाच. मुंबईकरांपैकी एकाचा मसुदा असा: परधर्माच्या माणसाचा हात देवाच्या झाडाला लागला, तो चालेल का? दुसरा मसुदा गटाचा: देवाच्या झाडाची काडी घेऊन, मावशीकडून कलम बांधून, ते विकलं तर चालेल का? मी दुसऱ्याच्या बाजूने होतो. गावकरांनी दोन्ही नाकारले. “देवाक एका येळाक एकच गोष्ट इचारूची. चार घातल्यास, तर तो खंयच्याचा उत्तर देतलो?” साक्षीदाराला एका प्रश्नात दोन प्रश्न विचारले की आम्ही उठून हरकत घेतो. इथे माझ्यावरच हरकत घेतली गेली आणि ती रास्त होती.

शेवटी प्रश्न ठरला एवढाच: रायेतल्या रातांब्याची काडी गावाच्या दारात लावायला तुझा हुकूम आहे काय? झाड कोण बांधणार हा प्रश्न देवाकडे नेलाच नाही. गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावल्या. सभामंडपात इतकी शांतता की बाहेर कोंबडं ओरडलं ते खटकलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार.

हुकुमाला गावकरांनी अटी जोडल्या: वर्षातून एकदाच, गुरवाच्या समक्ष, एका टोपलीत मावतील तेवढ्या काड्या, कोयता लावायचा नाही. कोयता नाही म्हणून मावशीचं सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चाललं. तेही लोखंडाचंच, हे मी बोललो नाही.

तिसरी गोष्ट जत्रेच्या आदल्या दिवशी. देवळासमोरच्या चाफ्याखाली मावशीने पाच-सहा पिशव्यांतली रोपं मांडली आणि कलम बांधून दाखवलं. या वेळी तिला रीतसर बोलावलं होतं, गावकरांच्या घरून निरोप गेला होता. मुंबईचे तरुण आधी लांब उभे. एकाने विचारलं, आधी पानं का कापता? ती म्हणाली, काडी झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी पानं छाटून ठेवतात, नुसते देठ राखतात, म्हणजे डोळे फुगतात. आता बांधताना पान ठेवलं तर ते काडीतलं पाणी ओढून घेईल. मग त्याने स्वतः एक बांधून पाहिलं. चीर तिरकी गेली. तिने रोप त्याच्या हातातून घेतलं नाही, दुसरं दिलं. मी बघितलेलं सभेतलं कुठलंही भाषण या दहा मिनिटांच्या जवळपास जाणारं नव्हतं, माझं धरून.

आणि राहून गेलेला कायदा

हे सगळं होईपर्यंत एक गोष्ट कोणाच्याच, म्हणजे माझ्याही, डोक्यात आली नाही. फळझाडांची रोपवाटिका चालवून कलमं विकायची तर परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी 1969 पासूनचा स्वतंत्र कायदा आहे. खुंट, म्हणजे खालचं रोप, कुठला, काडी कुठल्या झाडाची, याची नोंदवही ठेवावी लागते. गटाकडे परवाना नव्हता. तेव्हा गटाच्या विरोधात कायद्याचा जो एकमेव खरा मुद्दा होता, तो आरोप करणाऱ्यांना सुचला नाही आणि बचाव करणाऱ्यालाही नाही. आम्ही सगळे कलम 25 ला धरून बसलो होतो.

मला ते कळलं जत्रेनंतर, तालुक्याच्या कृषी कार्यालयात दुसऱ्याच कामासाठी गेलो तेव्हा. मग गटाने विक्री थांबवली, अर्ज केला. रायेतला रातांबा हे काही प्रमाणित मातृवृक्ष नव्हे. त्याची कलमं सुधारित जात म्हणून विकता येणार नाहीत, हेही तेव्हा लक्षात आलं. म्हणून विक्रीसाठी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीची मातृझाडं आणून लावली आणि रायेतल्या झाडाची कलमं गावातच वाटायची ठरवली. आपल्या परंपरागत वाणाचं रोप वापरणं, पुन्हा लावणं, देणं-घेणं हा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याच्या कलम 39 मध्ये आहेच. ‘प्रोपगेटिंग मटेरियल’ची व्याख्याही त्याच कायद्यात आहे, ती वाचताना मला हसू आलं, कारण महिनाभर शोधत होतो तो शब्द एकदाचा बागेत परत गेला होता.

निष्पत्ती

पहिल्या वर्षी रायेतल्या काड्यांची शंभरच्या आसपास कलमं बांधली, त्यातली साठेक जगली. गावकरांच्या सांगण्यावरून पहिली चार रायेच्या कडेला, जिथे फांदी तोडली होती त्या झाडाशेजारी लावली. बाकीची घराघरांत गेली. परागीकरणासाठी थोडी नर झाडंही लागतात, तर ती कोणाच्या दारात लावायची यावर दोन वाड्यांत आठवडाभर थट्टा चालली. परवाना मिळायला वेळ लागला, पण मिळाला. नवा बोर्ड ‘रातांबा कलम बांधणी’ असा आहे, हाताने रंगवलेला.

मावशी येते. पूर्वीइतकी नाही. अध्यक्षबाईंनी कारण विचारलं तर गुडघे म्हणाली. गळ्यातली साखळी आता ती ब्लाउजच्या आत ठेवते, हे माझ्या बायकोने पाहिलं; मला दिसलं नव्हतं. तिची माफी कोणी मागितली नाही. फांदीसाठी देवाकडे मागितली, तशी.

पुन्हा वेळ आली तर

काडी घ्यायच्या आधी विचारणं, हे तर उघडच. माझ्यापुरतं सांगायचं तर सभेत जाण्याआधी मी गावकरांकडे जायला हवं होतं, आणि सभेत फक्त पहिलं वाक्य बोलून खाली बसायला हवं होतं. जे झालं नाही त्याचा कायदा समजावायची गरज नव्हती. मावशीला पहिल्याच सभेला बोलावलं असतं तर? दोन मतं आहेत. सरपंचबाईंना वाटतं, त्या दिवशी वातावरण तापलेलं, तिचा अपमान झाला असता. अध्यक्षबाई म्हणतात, समोर असती तर निम्म्यांचं तोंडच उघडलं नसतं, ओळखीची बाई ती. मी अध्यक्षबाईंच्या बाजूचा.

कौलाबद्दल काही मित्रांनी मला सुनावलं की वकील असून तू देवाच्या पाकळीवर निर्णय सोपवलास. राय देवाच्या नावाची आहे, तिच्यातल्या झाडाची काडी घ्यायची का हा प्रश्न त्या गावात तिथेच सुटतो, आणि सुटलाही. मावशीने गावात यावं की नाही हा प्रश्न मात्र तिथे नेला असता, तर मी उठून गेलो असतो. डावी पाकळी पडली असती तर काय केलं असतं, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. करायला हवा होता.

फोटोचं काहीच करता आलं नाही. मंडळाच्या ग्रुपवर खुलासा टाकला, त्यावर दोन अंगठे आले. गेल्या गणपतीत ठाण्याच्या मावसभावाने मला तोच फोटो पाठवला. लाल अक्षरं तीच, मावशी तीच, बायका त्याच. खाली गावाचं नाव वेगळं, तालुकाही वेगळा. “तुमच्याच बाजूचं ना हे? खरं काय?” मी त्याला फोन लावला. तो आरतीत होता, उचलला नाही.